बारा पानं

एशोवेला, चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये,
सप्टेंबरचा पहिला शनिवार.
चहा, रस्क, आणि दह्याच्या रिकाम्या डब्यांत
क्लायव्हियाची रोपं.

खेर्त म्हणतो, बी पेरल्यापासून चार वर्षं,
एक दिवस जास्त नाही.
खेर्तची चार म्हणजे आपली सहा,
हे टेबलाभोवती सगळ्यांना ठाऊक.
पूबलन म्हणतो, वर्षं मोजूच नका. पानं मोजा.
बारा झाली की दांडा येतो.
त्याच्या स्ट्रेलिट्झियाला मात्र कुणी हिशेब शिकवलेला नाही,
अकरावं वर्ष लागलं, नुसती पानं फडकवतंय.
मिसेस ल रू हसतात, कानातलं यंत्र चाचपतात,
म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.

मी बोलत नाही.
सहा वर्षांपूर्वी याच टेबलावरून
बुसिझिवेला मी एक रोप विकलं,
बोटभर, दोन पानांचं. चिठ्ठीवर लिहिलं: पिवळा.
पिवळ्याचे चाळीस रँड जास्त घेतले.

पिवळ्याचा बुंधा कोवळेपणीच हिरवा असतो, काकडीसारखा.
केशरीचा तळाशी जांभळट,
वाइनचं बोट पुसल्यासारखा.
रोपाच्या पोटातलं असं पहिल्याच महिन्यात बाहेर येतं.
त्या दिवशी मी चष्मा घरी विसरलो होतो.
हे खरं आहे.
पुढच्या शनिवारी चष्मा होता, हेही.

दर वसंतात ती रात्रपाळीहून परस्पर यायची,
नर्सचे पांढरे बूट, हातात कुंडी.
पाच पानं. आठ. नऊ, एक गोगलगायीने खाल्लं.
पूबलन बुंध्याकडे बघायचा, मग माझ्याकडे,
मग रस्क चहात बुडवायचा.
खेर्त म्हणायचा, थंडी लागली असेल.

आज तिने कुंडी कडेवर आणली.
अकरा फुलं. केशरी.
भगभगीत, कुठे ठेवू म्हणावं तर जागा नाही.
शेड गप्प. पत्र्यावरून माकडं पळाली तेवढीच.

मी खिशातून चाळीस रँड काढले.
तिने ते चहाच्या डब्यात टाकले.
"दुसऱ्या वर्षीच कळलं होतं.
अठ्ठावीस वर्षं वॉर्डात काढली मी,
नजर चुकवणारे डॉक्टर लांबून ओळखते.
म्हटलं, बघू,
तुमच्यातलं कोण आधी उमलतं."

खेर्तने घसा खाकरला.
"चार," तो म्हणाला. "म्हणजे, सहा."

काय म्हणाली ती? मिसेस ल रू विचारत होत्या,
हात कानाशी नेऊन.
सगळे माझ्याकडे बघत होते.