पासंग

किट्वेच्या खाणीबाहेर वजनकाट्यावर
कासोंदे एकोणीस वर्षं बसला आहे.
भरलेला ट्रक चढतो, लोखंडी फळी कण्हते,
तो आकडा वाचतो, रिकाम्या ट्रकचा आकडा वजा करतो.
उरतं ते तांबं.
एवढंच त्याचं काम, वजाबाकी.

तिथल्या भाषेत पैशाचं नाव क्वाचा,
आणि क्वाचा म्हणजे पहाट.
तांबडं फुटताना ट्रक सुटतात दार-एस-सलामकडे,
पत्र्यांवर पत्रे, पट्ट्यांनी आवळलेले,
कुणाच्या तरी भिंतीतली वायर व्हायला.
रेडिओवर मंत्री सांगतात,
बाहेरून येणाऱ्या दर दहा डॉलरांतले सात तांब्याचे.
फाटकापाशी तेलात पिठाचे गोळे सोडत
बाना कपेम्ब्वा म्हणते,
माझे दहातले दहा.

लंडनचा भाव तिला पेपराशिवाय कळतो.
चढला की माणसं चार चार गोळे घेतात,
वर साखर मागतात.
उतरला की दोन, आणि उद्या देतो.

जूनमधल्या एका मंगळवारी
तीन नंबरचा शाफ्ट देखभालीसाठी थांबला.
बंद म्हणाले नाहीत.
बंद म्हटलं की माणसांचा हिशेब चुकता करावा लागतो.
नोटीस लावली काट्याशेजारच्या खांबावर.
धूळ बसावी म्हणून टँकरनं रस्ता नुकताच भिजवलेला,
सगळा राड,
म्हणून माणसं फळीवर चढून उभी राहिली,
दोनशे बारा, हेल्मेटं हातात.
पुढचा मोठ्यानं वाचतोय,
मागचे विचारतायत, काय? काय म्हणाला?
आणि खोलीत कासोंदेच्या पडद्यावर
आकडा आपसूक स्थिरावला:
तेरा हजार तीनशे साठ.

अर्धा ट्रकही नाही.

सवयीनं त्याच्या मनात आलं, यातून वजा काय करायचं?
बूट. ते कंपनीचे, परतच द्यायचे आहेत.
डबे रिकामे.
छातीत साठलेली धूळ काट्याला कळत नाही,
वीस किलोंच्या खालचं
त्याला काहीच दिसत नाही.

मग माणसं उतरू लागली.
आकडा साठानं, कधी ऐंशीनं घसरत गेला.
शेवटी म्वेवा एकटा,
नोटीस पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत.
परवाच त्यानं लेकीच्या शाळेची फी भरली होती,
एका हप्त्याची.
तोही गेला.

बाना कपेम्ब्वानं वहीचं पान उलटलं,
फाडलं नाही.

पडद्यावर शून्य यायला हवं होतं.
वीस दिसत राहिले.
बुटांचा चिखल असेल.
बटण दाबून शून्य करता येतं,
कासोंदेचं बोट तिथवर गेलं आणि परत आलं.

अजून ते वीस तिथेच आहेत.
एक नंबरचे ट्रक येतात, जातात.
रिकाम्या ट्रकमध्ये वीस जास्त, भरलेल्यातही वीस जास्त,
वजाबाकीत दोन्ही उडून जातात.
देशाच्या हिशेबात
एका किलोचीही चूक निघत नाही.