जुनी बिले

संगणक सकाळी नावानं हाक मारतो,
नमस्कार, त्रिशला.
आणि त्या एका फोल्डरपाशी गेलं की
ओळख विसरतो.
तुम्हाला परवानगी नाही.

नाव मीच दिलेलं, जुनी बिले.
संकेश्वरच्या स्टँडसमोर आठ बाय दहाचं दुकान,
लग्नपत्रिका दोन्ही लिप्यांत, झेरॉक्स, पंचायतीचे अर्ज.
गिऱ्हाईक खुर्चीमागून वाकून पडद्यात बघणारच,
पण जुन्या बिलांत कोण कशाला डोकावेल?
सुकुमारदादाशी वाटणीवरून बोलणं तुटलं त्या आठवड्यात
वर आणि एका चौकोनात खूण केली.
फाइलींची नावं हिरवी झाली,
तोडायला अजून वेळ असलेल्या मिरचीसारखी.
कोपऱ्यात चिठ्ठी यायची, चावीची प्रत काढून ठेवा.
मी 'नंतर' दाबायचे.
सात वर्षं दाबत होते.
समोर गिऱ्हाईक असायचं की.

गेल्या महिन्यात मशीन बसलं.
हुक्केरीहून ईराण्णा आला,
सगळं नवं घातलं, जुनं परत जागेवर ठेवलं.
नाव तेच, पासवर्ड तोच,
पडद्यावरचं स्तवनिधीचं चित्र तेच.
फक्त मी ती नव्हते.

त्यानं मालक कोण ते उघडून बघितलं.
नावाच्या जागी आकडे,
एस, एक, पाच, एकवीस,
आणि पुढं रकान्याबाहेर गेलेली शेपटी.
"हे कोण, अक्का?"
मीच की रे. मागच्या महिन्यापर्यंतची.

चहावर साय धरेपर्यंत तो खटपटला.
मग मालकाच्या रकान्यात आलं,
त्रिशला मगदूम.
उताऱ्यावर कधी आलं नाही ते नाव
इथं आलं.
क्लिक केलं.
तेच उत्तर.

"कीली ऐती अक्का," तो म्हणाला, "कीलीकै इल्ला."
त्याच्या बोलीत कीली म्हणजे कुलूप.
माझ्या बोलीत किल्ली, म्हणजे जिनं ते निघतं.
अप्पांच्या तोंडी दोन्ही,
त्यामुळं ते "किल्ली आण" म्हणाले की
मी चावी आणायची, दादा कुलूप,
आणि अप्पा दारात उभे, दोघांवर ओरडत.

मग आता मी ह्याचं काय करू शकते?
"पुसू शकता की."
वाचता येत नाही, पुसता येतं.
एवढीच मालकी.

"आहे काय त्यात?"
बिलं, म्हटलं. जुनी.

त्यात अप्पा आहेत,
एकोणचाळीस मिनिटं.
मिरचीच्या पेठेत तागडीपाशी उभे,
मोबाइल माझ्या ओढणीत.
पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात,
मग दोन, मग मूरु, मग चार,
जीभ वळेल तशी मोजणी,
मधेच ठसका, कुणाला तरी शिवी,
आणि कुठवर आलो होतो ते विसरून
परत लाभ.

झटका आल्यापासून अप्पा बोलत नाहीत.
दुकानात मागच्या खुर्चीत बसतात,
झेरॉक्सचा उजेड सरकतो
तिकडं मान वळवतात.
ईराण्णानं विचारलं तेव्हाही तिथंच होते.

त्याला तीनशे दिले.
तो गेल्यावर शेजारीच नवं फोल्डर केलं,
जुनी बिले दोन.
लगेच उघडलं.
आत काही नव्हतं.

मोबाइलचं लाल बटण दाबून
अप्पांच्या मांडीवर ठेवला.
पंखा.
स्टँडवरचा कंडक्टर, गडहिंग्लज गडहिंग्लज.
अप्पांचा श्वास, एक लांब, एक अडकलेला.
बाराव्या मिनिटाला कोणीतरी आलं,
आधारची झेरॉक्स पाहिजे,
दोन्ही बाजू.