मंगळवार, अकरा पायऱ्या

ताउनो दूध आणायला गेला होता.
दोन लिटर, निळ्या खोक्यातलं.
दुकान आमच्या दारापासून चारशे पावलांवर.
मी मोजलीत, बर्फात बूट रुतवत,
कारण तासाभराने तो आला नाही, दोन तासांनीही नाही,
आणि आला तेव्हा हातात दूध नव्हतं.
हातमोजेही नव्हते.

ढकलगाड्यांच्या रांगेशेजारी
ते यंत्र उभं असतं. चेरी, कलिंगड, घंटा.
बायका पिशव्या भरतात, पोरं चॉकलेटसाठी अडून बसतात,
आणि माझा नवरा तिकडे तोंड करून,
पुरुष मुतारीत उभे असतात तसा,
कुणाकडेही न बघता.

केमीतली कागदाची गिरणी सुटली, हातांना काम उरलं नाही,
हे मी सगळ्यांना सांगायचे.
कुणी विचारलेलं नसायचं.
मुलीला म्हटलं, सौनाची भट्टी बिघडलीय, थोडे पैसे पाठव.
भट्टी ठणठणीत होती.
मीच आत बसून रडायचे, घामात खपून जायचं.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
मी आठ वर्षं झाकली.
उघडली तेव्हा आत
माझ्याच नखांचे चार वळ.

चर्चच्या मागे, सायकली लावतात तिथून
खाली अकरा पायऱ्या. मंगळवारी, सहा वाजता.
पहिल्या मंगळवारी मी सातव्या पायरीवरून परत फिरले.
दुसऱ्या मंगळवारी सातव्या पायरीवर
एक पोरगा बसलेला, विशीतला, कानात बाळी.
"मी इथपर्यंत चौथ्यांदा आलोय," म्हणाला.
"तुम्ही पुढे व्हा, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.
जिना अरुंद आहे."
त्याचं नाव ओस्सी. त्याची आई खेळते.

आत सहा खुर्च्या, एक थर्मास, वेलदोड्याचे पाव.
कुणी सल्ला दिला नाही.
मला वाटलं होतं देतील. मी वही नेली होती.
हेल्वी फक्त म्हणाली, कोट काढा, इथे गरम होतं.

मग मी सांगितलं
कार्ड कसं लपवलं: फ्रीझरमध्ये,
गोठलेल्या पाइक माशाच्या पोटात.
आणि कसा तो पहाटे स्वयंपाकघरात बसून राहिला,
मांडीवर टॉवेल, टॉवेलवर मासा,
वितळायची वाट बघत,
इतक्या धीराने, की आमच्या लग्नात
इतका धीर मी कधी पाहिला नव्हता.
आयलाने हसू दाबलं.
ओस्सीला दाबता आलं नाही.
सगळ्यांत मोठ्याने मी हसले,
आणि हसताना कळलं, की ही गोष्ट
आज पहिल्यांदा दुसऱ्या माणसाच्या कानावर पडतेय.

कॉफी ओतताना हेल्वी म्हणाली,
"यंत्रांचा नफा चांगल्या कामांना जातो म्हणे.
कोण जाणे, हा थर्मासही त्यातलाच असेल."
मी कप दोन्ही हातांत धरला.
म्हणजे हा एक कप ताउनोकडून.
कडू होती. दुसरा घेतला.

मुलीला फोन केला. भट्टी बिघडली नव्हती, म्हटलं.
"माहीत आहे, आई."
मग बराच वेळ नुसता श्वास, दोन्हीकडून.
माझं पेन्शन आता माझ्या वेगळ्या खात्यात येतं.
सही करताना हात कापला. कापत कापत केली.

तो सुटलेला नाही.
हे लिहून ठेवते, नाहीतर कुणाला वाटेल
अकरा पायऱ्या उतरलं की झालं.

मंगळवारी कुठे जाते, तेही त्याला सांगितलं.
तो खिडकीतून गोठलेल्या समुद्राकडे बघत राहिला.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"कॉफी मिळते का तिथे?"
मिळते, म्हटलं. तुझीच.
त्याला कळलं की नाही, कोण जाणे.

परवा त्याने मला गाडीने सोडलं.
बाहेर आले तर गाडी तिथेच,
इंजिन चालू, काचा वाफेने पांढऱ्या.
मागच्या सीटवर दूध होतं.
एक लिटर.