गुलाबी थंडी

टीव्हीवाला म्हणाला, मुंबईत गुलाबी थंडी.
भांडुपच्या टेकडीवर पत्र्याला
रंग वगैरे कळत नाहीत.

खोबरेल बाटलीतच थिजलंय.
मिताली ती कुकरच्या झाकणाला टेकवते
नि तेल सुटेपर्यंत
हात शेकून घेते.

फरशी तळव्यांतून वर चढते, पार गुडघ्यापर्यंत.
म्हणून गादीखाली यंदा फ्लेक्स घातलाय,
कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा.
रात्रभर त्यांच्या हसण्यावर झोपतो आम्ही,
कूस बदलली
की भाऊ करकरतात.

पंखा मात्र एकवर, डासांसाठी.

मामंजी गोधडीतून दरवर्षीचंच बोलतात :
चार दिवसांची तर थंडी,
स्वेटर कशाला घ्यायचा?

आज सतरावी रात्र.
गोधडीबाहेर त्यांचं फक्त नाक आहे.