बगळ्याचे पैसे

वडिलांच्या प्रवासाच्या दोन वह्या होत्या.
एक त्यांची, निळ्या रेशमी बांधणीची.
एक माझी, घरखर्चाची.

त्यांच्या वहीत:
"नववा महिना. दव पांढरं झालंय.
ताइहू सरोवरावर मी एकटा, आणि एक बगळा."

माझ्या वहीत, तीच तारीख:
नावाडी दोन, चू आणि त्याचा मेहुणा.
चहाची शेगडी वाहणारा पोरगा एक.
कोळसा. बारा खेकडे. आलं.
तांदळाची दारू, तीन सुरया.
बगळ्याचे पैसे लागले नाहीत.

राजीनामा दिल्यापासून त्यांना ऋतूंचीच चाकरी.
थंडी सरता सरता डोंगरापलीकडल्या बागेत पहिला बहर,
उन्हाळ्यात कमळांच्या वासात दुपारची झोप,
आणि हिवाळ्यात बर्फ ऐकायला जात.
हो, ऐकायला. बांबूवरचा निराळा, म्हणे,
आणि वल्ह्यावरचा निराळा.

मी बांधलेल्या पावलांची.
उंबऱ्यापासून विहिरीपर्यंत बत्तीस पावलं,
भरली घागर असली की चाळीस.
त्यांचे डोंगर मी त्यांच्या अक्षरांवरून चढले
रात्री, ते घोरत असताना,
दिव्यापुढे हात धरून.

मग त्यांच्या डोळ्यांत धुकं उतरलं
आणि वर गेलंच नाही.
चू शेवटचे पैसे घ्यायला आला, घेतले नाहीत, गेला.

एका शरदात म्हणाले, "ते लाल पानांचं वाच."
वही उघडायची गरज नव्हती.
सांगत गेले: अर्धा ढासळलेला पूल,
मठाची ओली घंटा,
आणि वळण घेताच अख्खी टेकडी
पेटल्यासारखी, धुराशिवाय.

बराच वेळ ते गप्प.
मग ओशाळं हसले.
"त्या दिवशी पाऊस होता गं. पाठ धरलेली.
मी नावेतून उतरलोच नाही.
घरी आलो, लिहायला बसलो, काही सुचेना.
तू अंगणात रजईचं लाल कापड वाळत घालत होतीस.
वाऱ्यानं ते तुझ्या हातून सुटलं..."

बावीस वर्षं मी चढत होते ती टेकडी.

मला रागवायचं होतं. शब्द शोधत होते.
तेवढ्यात त्यांनीच विचारलं,
"आत्ता काय दिसतंय बाहेर?"

"काही नाही. डाळिंबाचं झाड.
पानं पिवळी. शेंड्याला एकच फळ, उकललेलं.
आत एक पाखरू चोच घालून..."

"थांब, थांब," ते म्हणाले,
पलंगाखाली पायांनी जोडे चाचपत,
"हळू सांग.
मला उतरू दे."