दोन नंबरचा माईक

गाण्याआधी माझं काम असतं.
माईकला टिचकी मारायची, हॅलो, चेक, वन, टू,
मागच्या रांगेतल्या गोट्याकडं बघायचं,
त्यानं हात वर केला की बास.
बावीस वर्षं. लग्नं, तालमीचा गणपती, पुढाऱ्यांच्या सभा,
आणि हल्ली हे, दर हिवाळ्यात चार-पाचदा तरी:

येरडं गं येरडं,
नदीपल्याड कोण रडं.

मागल्या महिन्यात पुण्याची पोरं आली होती.
काळे कुर्ते, एकजण पेटीवर बसून पेटीच बडवणारा,
पायाखाली यंत्र, आपलाच आवाज पुन्हा पुन्हा गिरवणारं.
गाणारीचं नाव इरावती. तिनं ‘रडं’ एवढं लांबवलं
की फेडरवर बोट ठेवून मी मनात म्हटलं,
नदी जर पंचगंगा असेल
तर एवढ्यात पल्याडचं माणूस रडून, तोंड धुऊन
जेवायलासुद्धा बसलं असेल.
टाळ्या कडकडून पडल्या. खोटं कशाला बोलू,
माझ्याही हातावर काटा होता.

त्याआधी एका वरातीत, मिरजकर तिकटीला,
हेच गाणं डीजेवर. ‘कोण रडं’ आलं की शिट्ट्या,
आणि नवरीची आई खरंच रडत होती,
तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

गाणं कुणाचं, ह्यावर अजून मिटलेलं नाही.
परिसंवादाला प्राध्यापक शिरगुप्पे म्हणाल्या, येरडं म्हणजे एरंड,
बांधावरचा एरंड, बी, तेल, दिवा, विरहाचं रूपक
(रूपक आलं की मी ट्रेबल जरा उतरवतो).
निपाणीचे गुरलिंग हुक्केरी जागेवरनंच ओरडले,
अहो, एरडु! दोन! कन्नड आहे हे,
आमच्या बायका तंबाखूच्या वखारीत म्हणायच्या.
शाहीर घुणके शांत. त्यांच्या आज्जानं रचलंय, वहीत आहे.
वही कुठाय?
गेली. एकोणीसच्या महापुरात.
इथं निम्म्या गोष्टी एकोणीसच्या महापुरात गेल्या,
कधी नव्हत्या त्यासुद्धा.

सुभाषनगरात शेवंताकाकू पोवार वेणी घालतात.
केसांची नव्हे, चपलेची.
भिजवलेल्या वाद्या, दोरीएवढ्या बारीक,
एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं.
मी पायताण दुरुस्तीला घेऊन गेलो तर ओठांत तेच चाललेलं,
आणि दर ‘येरडं’ला डावी वादी खाली जायची.
दर वेळी. मी अकरा वेळा मोजलं.
छातीत धडधडलं हो. सापडलं म्हटलं. मोजणी आहे ही,
दोन खाली, एक वर,
उद्याच शिरगुप्पे बाईंना फोन लावायचा.

काकू, कुणाकडनं शिकलाय हे?
मान वर न करता म्हणाल्या, रेडिओवर लागायचं की.
दुपारच्याला, कामगारांच्या कार्यक्रमात.
आणि त्याच्या आधी?
त्याच्या आधी आम्ही गप बसून वेण्या घालत हुतो.

एक राहिलंच. काकू ‘कोण रडं’ म्हणत नाहीत.
नदीपल्याड कोण दडं, असं म्हणतात.
विचारलं तर हसल्या.
त्यो रेडिओ लई खरखरायचा, मला तसंच ऐकू आलं.
आता काय बदलू?

आज परत कार्यक्रम. हे कुणी नाशिकचे.
हॉल रिकामा, खुर्च्यांवरची धूळ झटकणं चाललेलं,
बाहेर कांदाभजीचा घाणा.
मी टिचकी मारली. हॅलो, चेक, वन,
आणि पुढं तोंडात आलं ते टू नव्हतं.
चालीवर आलं, मोडक्यातोडक्या,
आणि ‘रडं’ म्हणायचं की ‘दडं’ हे ठरायच्या आत
श्वास संपला.

मागच्या रांगेत गोट्यानं हात वर केला.

दोन नंबरच्या माईकला थोडी खरखर आहे.
वायर बदलायला वेळ होता.
राहू दे म्हटलं.