मजकूर

सकाळी दहा ते दोन मी परिवर्तनाचा आवाज,
चार ते रात्री दहा परंपरेचा.
मधले दोन तास रिक्षा कन्ना चौकात उभी,
बॅटरी चार्जिंगला, घसा गरम पाण्याला.
फ्लेक्स फक्त उलटा करायचा असतो.
दोघांनीही एकाच स्टुडिओत हात जोडलेत,
मागचा निळा पडदासुद्धा तोच.

या खेपेला मजकूर जरा वेगळा होता.
सकाळवाल्यांनी लिहून दिलं :
गांजाला परवाना, औषधाला, माळरानाला,
अन् त्याच्या करातून बंद यंत्रमागांना वीज.
संध्याकाळवाल्यांनी लिहून दिलं :
नशामुक्त सोलापूर, लेकरं वाचवा!
खाली पेन्सिलीनं :
रात्री धाब्यावर जेवण, कूपन दाखवून बाटली.
पेन्सिलीतलं वाचायचं नसतं,
एवढं मला कळतं.

विडी घरकुलात शिरलो
तेव्हा बाया मांडीवर सूप घेऊन पानं कापत होत्या.
मी ओरडलो, परवाना!
एकही कात्री थांबली नाही.
राजमणी म्हणाली,
नळ पाचव्या दिवशी येतोय,
गांजा रोज येणार का बे?
हसू उसळलं, खोकल्यापर्यंत गेलं.
तिची जाऊ मान वर न करता म्हणाली,
तंबाखूला परवाना हायच की.
तीस वर्षं वळतेय.
त्या परवान्यावर कुणाचा बंगला झाला
अन् माझ्या छातीत काय झालं,
ते लाव की तुझ्या भोंग्यावर.

तिथंच एक पोरगा टॅब घेऊन फिरत होता,
पायात पांढरे बूट, धूळ झटकत.
गांजा कायदेशीर व्हावा का?
एमो, म्हणाली राजमणी.
गोत्तिल्ला, म्हणाली दारातली गुरव्वा.
काय की, म्हणाला सायकलवरचा अंडीवाला.
तिन्ही त्यानं एकाच रकान्यात टाकले :
सांगता येत नाही.
सांगता येत होतं हो त्यांना.
रकाना नव्हता.

मी रिक्षा वळवत होतो
तर नरसम्मानं हँडल धरलं.
अंजय्या आत हाय, चौदा महिने.
पुडी केवढी,
चिमणीला टाकायच्या तांदळाएवढी.
वकिलाला माझं मंगळसूत्र पुरलं नाही.
तू म्हणतोयस तो कायदा झाला
तर माझा पोरगा सुटंल,
का फक्त पुढं ओढणाऱ्यांना माफ?

मी कागद बघितला.
कागद ‘प्रचंड बहुमतानं’ इथंच संपत होता.
विचारून सांगतो मावशी, म्हटलं,
आणि माईक चालूच राहिलेला,
ते वाक्य पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेलं.

आठ दिवसांनी सकाळवाल्यांनी ओळ काढून टाकली.
टॅबवाल्या पोराचा अहवाल आला म्हणे.
तिच्या जागी : सर्वांगीण विकास.
चार दिवसांनी संध्याकाळवाल्यांच्या जाहीरनाम्यात
पान एकोणीस, तळाला, बारीक टाइपात :
औषधी वनस्पतींबाबत अभ्यास समिती नेमू.
ते पान मला वाचायला दिलं नाही.
शेंगा बांधून आल्या त्यात.

मतदानाच्या दिवशी भोंगा बंद.
शाळेच्या रांगेत नरसम्मा माझ्या पुढं.
पोरीनं शाई लावायला बोट धरलं
अन् थबकली.
तंबाखूनं ते इतकं काळपट पिवळं झालेलं
की खूण दिसेल का, शंका आली.
दोनदा लावली.

बाहेर येऊन नरसम्मा पायरीवर बसली,
पदरानं घाम पुसला.
कुणाला दिलं, ते मी विचारलं नाही,
तिनं सांगितलं नाही.
तिनं विचारलं ते एवढंच :
काय म्हणाले रे ते?
कोण मावशी?
तू विचारून सांगणार होतास की.

माईक नव्हता, बॅटरी नव्हती, कागद नव्हता,
तरी मी म्हणालो, विचारलंय, बघतो म्हणालेत,
आणि ऐकलं,
किती छान, गोल, भरदार लागला होता
आवाज.